तबेल्यातल्या मोऱ्या

कार्तिक वद्य तृतीया, शके १८६०

हेमचंद्रानं आज मला ही वही दिली. कचेरीतली आहे. पानापानावर तांबड्या रेघांचे रकाने आहेत आणि वर उर्दूत काही छापलं आहे. मला उर्दू येत नाही. मराठी येते ती दुसरीपर्यंतची, तीही शाळेत न जाता. हेम लहानपणी पाटी घेऊन ओसरीवर बसायचा, मी समोर डाळ निवडत बसायची. तो मोठ्यानं म्हणायचा, मी मनात. तो तिसरीत गेला, भागाकार सुरू झाला, तेव्हा मी सूप घेऊन उठली.

म्हणतो, आजी, तू दिवसभर बोलत असते, त्यातलं थोडं लिहून ठेव. म्हटलं, ऐकलेलं कमी पडते काय तुले? तर हसला. हसला की थेट रमासारखा दिसतो. रमा म्हणजे माझी लेक, त्याची आई. तो आठ दिवसांचा होता तेव्हा ती गेली. बापानं यवतमाळकडे दुसरा संसार मांडला आणि पोरगं माझ्याजवळ राहिलं. तेवढं एक माझं नशीब चांगलं.

तर लिहायचं ते हे, की हेम आणि त्याची बायको वनमाला हैदराबादेहून इथं गुडीहत्नूरला माझ्या घरी आले आहेत आणि पाडव्याच्या पुढंपर्यंत राहणार आहेत. वनमालेला पाचवा महिना आहे. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही माहेरी न जाता माझ्याजवळ. मला इतका आनंद झाला की काल वांग्याच्या भाजीत दोनदा मीठ पडलं. कोणी काही बोललं नाही, खाल्ली बिचाऱ्यांनी.

कार्तिक वद्य नवमी

बाया विचारतात, मथुराबाई, नातू करते काय? आता काय सांगावं. मुंबईला पाच वर्षं शिकला, सरकारच्या तामीरात खात्यात लागला, म्हणजे इमारती बांधायचं खातं. नकाशे काढतो. त्या कामाला आर्किटेक्ट म्हणतात. तेवढं लिहिताना माझे दोन रकाने भरले.

पण याची तऱ्हा अशी की नवीन बांधायचं सोडून हा जुन्यात शिरतो. इथं सडकेवर डाकेच्या टांग्यांचा तबेला आहे. आदिलाबादेहून निर्मळकडे जाणारे टांगे इथं घोडे बदलायचे. समोरच हेमच्या आजोबांचं फुटाण्याचं दुकान होतं. घोडे बदलेपर्यंत उतारू फुटाणे घ्यायचे, त्यावर आमचं घर चाललं. एक काळी घोडी होती, ती फक्त पोस्टमास्तरला चावायची. टपाल उशिरा आलं की लोक म्हणायचे, घोडीला बरोबर कळते दोष कोणाचा. पुढं आदिलाबादला रेल्वे आली, सडकेवर मोटार आली, टांगे बंद झाले, घोडे विकले. तेव्हापासून त्या तबेल्यात शेळ्या बसतात आणि टवाळ पोरं पत्ते खेळतात.

त्याचा हेम दवाखाना करणार आहे. बायांच्या बाळंतपणाचा. त्यानंच म्हणे अर्ज करून करून हे काम मागून घेतलं. आता पुरुषमाणसानं मागावं तर पूल मागावा, कचेरी मागावी. याला बाळंतिणीचाच दवाखाना काऊन सुचला, देव जाणे.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

आज तबेला पाहून आली. गवंडी नागोराव हेमशी हुज्जत घालत होता. त्याचं म्हणणं, पाडून टाका साहेब, दगड तरी कामी येतील, घोड्याच्या जागी कोणाची सून निजणार हाय? हेम चिडत नाही. त्यानं नागोरावाचा हात धरून भिंतीवर ठेवला. म्हणाला, "दोन हात रुंद भिंत आहे. वैशाखात आत उभे राहा, बाहेर ऊन आहे हे विसराल. वरचं सागवान अजून ठोकलं तर वाजते. हे पाडून मी याच्याहून चांगलं काय बांधणार, आणि कोणाच्या पैशानं?"

सरकारनं नव्या इमारतीला नाही म्हटलं आहे. जुन्यात करा म्हणाले, तेही अटीवर. जिल्ह्याचे तालुकदारसाहेब उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, दौऱ्यावर येतील. तेव्हा खाटांवर बाया दिसल्या तर दवाखाना राहील. नाही दिसल्या तर तबेला आबकारीला, मोहाच्या दारूची पिंपं ठेवायला. हेमनं हे मला हसत सांगितलं, पण वनमाला हसत नव्हती.

आत बारा ठाणं आहेत. घोडा उभा राहतो त्या जागेला ठाण म्हणतात. दोन ठाणांच्या मध्ये छातीइतकी दगडी भिंत. हेम त्या भिंती तशाच ठेवणार, दर ठाणात एक खाट. मी म्हटलं, हे फार छान केलं, गोंडाची बाई, मुसलमानाची बाई, आपली बाई, ज्याची त्याची भिंत, कोणाचं पाणी कोणाला लागणार नाही. त्याला ते आवडलं नाही. म्हणाला, मी त्यासाठी नाही ठेवली भिंत. म्हटलं, तू कशासाठी का ठेवेना बाबा, बाया त्याचसाठी येतील.

मार्गशीर्ष वद्य दशमी

फरशी झाली. शहाबादी, आरशासारखी. ठाणांच्या मागून घोड्यांचं मूत वाहून जायला एक दगडी नाली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती हेमनं मुरूम भरून बुजवली आणि वरून फरशी नेली. न्हाणीघर मागच्या अंगणात, पंधरा पावलांवर, नवं बांधलं. म्हणतो, रोगराई सांडपाण्यातून येते, म्हणून पाणी खाटेपासून लांब. नाली बुजली त्या दिवशी त्यानं मला हात धरून फरशीवरून चालवलं. मी चप्पल काढून चालली. पायाला इतकं गार लागलं की मी तीन फेऱ्या मारल्या.

न्हाणीघर एवढं लांब काऊन, असं मनात आलं होतं. पण मुंबईला पाच वर्षं शिकलेला माणूस, त्याला ठाऊकच असेल. मी बोलली नाही.

घोडा बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच आहेत. मी सुचवलं की पाळण्याची दोरी त्यातून घेता येईल. त्यानं लगेच कागदावर लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घेतलं असं साठ वर्षांत झालं नव्हतं. घरी येईपर्यंत मी रस्त्यात चार जणींना सांगितलं.

पौष वद्य द्वितीया

दवाखाना उघडला. निजामाबादेकडची एक नर्स आली आहे, एस्तेरम्मा. तेलुगू बोलते, थोडी उर्दू, मराठी चार शब्द. बूट घालते ते चालताना करकरतात. तिला मी पहिल्या दिवशी तिळाचे लाडू नेऊन दिले. तिनं आधी हात धुतले, मग खाल्ले, मग परत हात धुतले. स्वच्छ बाई आहे, पण पाण्याची फार उधळी.

दोन बाया आल्या. एक इथलीच तेल्याची सून, एक तलमडुगूची, बैलगाडीतून. तलमडुगूची अगदी लहान होती, गाल भरलेले, नवऱ्याचं नाव विचारलं तर लाजून भिंतीकडे तोंड केलं. दोघी सुखरूप मोकळ्या झाल्या. हेमनं बाजारातून पेढे आणले. पेढे कसले, खव्यात साखर कमी होती, पण मी पाच खाल्ले.

पौष वद्य सप्तमी

दोघी गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी उठल्या, बाळ गुंडाळलं आणि गेल्या. नर्सनं दार अडवलं तर तलमडुगूच्या सासूनं तिला बाजूला सारलं. नर्स म्हणते दहा दिवस निजून राहायला पाहिजे. कोण ऐकते.

हेमनं मला विचारलं, आजी, त्यांना काही कमी पडलं काय? जेवण? थंडी? म्हटलं, घरची ओढ असते बाबा.

माघ शुद्ध पंचमी

आणखी तिघी आल्या आणि तिघीही चौथ्या दिवशी गेल्या. आमची सुईण बयनाबाई पाणवठ्यावर म्हणाली, "तबेला तो तबेला. घोडेही रातच्यापुरतेच थांबत होते." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, खोटं काऊन लिहावं. बयनाबाईनं अर्धं गाव जन्माला घातलं आहे, हेमलाही तिनंच. तिचं बोलणं लागट असते पण हात हलका आहे.

माघ शुद्ध अष्टमी

तलमडुगूची ती बाई वारली. गाडीच्या हिसक्यानं रक्त सुरू झालं, मग ताप चढला. बाजारात आलेल्या माणसानं सांगितलं. लेकरू आहे.

हेम जेवला नाही. ओसरीच्या खांबाला टेकून बसला. ना ओळख ना पाळख, त्यानं काऊन एवढं मनाला लावून घ्यावं? मी त्याला समजावलं की सटवाईनं लिहिलेलं टळत नाही, रमाच्या वेळेसही मी हेच म्हटलं होतं. त्यावर तो उठून परसात गेला. वनमाला म्हणाली, आजी, आज राहू द्या. मी ताट झाकून ठेवलं.

माघ वद्य प्रतिपदा

आज मोठी गंमत झाली. गंमत म्हणावी की नाही कोण जाणे.

दुपारी हेम ओसरीवर नकाशा पसरून बसला होता. पाडव्याला दीड महिना राहिला आणि बारा खाटा रिकाम्या. मी शेजारी बसून डिंक फोडत होती, वनमालेच्या लाडवांसाठी. डिंकावरून मला त्याचं बारसं आठवलं, बारशावरून पाचवी. म्हणून सांगत होती की, तुझी पाचवी मी एकटीनं केली. रमाच्या अंगात ताप होता, तिला बसवेना. बयनाबाईनं तिला मागून धरलं, मी मोरीवर पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, तुला सटवाईच्या पायावर ठेवलं आणि तू मुतला थेट वरवंट्यावर. बयनाबाई म्हणाली, पोरगं नशीब धुऊन निघालं.

हे मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. आज त्याची पेन्सिल थांबली.

"आजी, मोरी खोलीतच होती?"

"मग कुठं राहते? बाजेपासून दोन हातांवर. बाळंतीण पाच दिवस उंबरा ओलांडत नाही. तिथंच तिचं न्हाणं, तिथंच लेकराचं. पाचव्या दिवशी त्याच मोरीवर पाचवी. मोरीच नाही तर सटवाई पुजायची कुठं, सडकेवर?"

"आणि पुजली नाही तर?"

"तर ती लेकराच्या कपाळी लिहायला यायची नाही. कोणती माय असं करीन?"

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला, "हे तू मला तीन महिने काऊन नाही सांगितलं?"

म्हटलं, तू कुठं विचारलं? मला वाटलं तुला ठाऊक असेल. तो उठला, तसाच अनवाणी सडकेनं तबेल्याकडे गेला. डिंकाचे खडे त्याच्या नकाशावर सांडले होते ते मी वेचले.

माघ वद्य चतुर्थी

फरशी उखडली. माझी लाडकी फरशी. नागोराव कपाळाला हात लावून म्हणाला, माय, तुमच्या नातवानं बुजवायची एक मजुरी दिली, आता उकरायची दुसरी देऊन राह्यला, तिसरी कशाची देईन? हेमनं त्याला सांगितलं, चूक माझी आहे, उकरा.

नाली तशीच निघाली खालून. हेमनं तिच्यात तांब्यानं पाणी ओतलं आणि पाणी न थांबता बाहेर गेलं. बांधणाऱ्यानं उतार असा दिला आहे की तसूभर इकडं तिकडं नाही. हेम म्हणाला, ज्यानं हे केलं तो मुंबईला गेला नव्हता. आता प्रत्येक ठाणात भिंतीलगत एक लहान मोरी होणार, काठाला घडीव दगड, आणि प्रत्येक मोरीचं पाणी झाकल्या नालीतून मागच्या केळींना. मी सांगितलं की मोरीवर दिव्याला कोनाडा लागतो, पाटा मावेल एवढी जागा लागते, आणि न्हाणारीची पाठ भिंतीकडे पाहिजे, दाराकडे नाही. तो लिहीत होता. मी म्हटलं, हळू सांगू काय? तर म्हणाला, नाही, तू बोलत राहा.

असं मला याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

फाल्गुन शुद्ध तृतीया

मोऱ्या झाल्या. हेम स्वतः बयनाबाईच्या घरी गेला. काय बोलला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी ती आली, तबेल्यात बाराही ठाणं फिरली, एका मोरीच्या काठावर बसून पाहिलं. मग नर्सला म्हणाली, मी इथं येईन, पण पाचवी माझ्या हातची. नर्सनं एवढंच सांगितलं की आत येताना कोपरापर्यंत साबण. बयनाबाई म्हणाली, मी काय कुंभार हाय का माह्या हाताले चिखल लागाले. मग धुतले. आता रोज धुते आणि रोज तेच म्हणते.

फाल्गुन पौर्णिमा

होळी. दवाखान्यात तिघी आहेत, त्यातल्या दोघींची पाचवी झाली आणि त्या अजून आहेत. एकीनं तर नर्सला म्हटलं, इथं सासू ओरडत नाही, बारा दिवस ठेवा.

पण बाजारात बोलतात. म्हणतात, विंजनेराची बायको कुठं बाळंत होते ते पाहू. त्याची आजी तर घरी खोली सारवून राह्यली. खरंच आहे, मी खोली सारवते आहे. हेम दुसऱ्यांच्या बायांसाठी दवाखाना करो, माझी नातसून माझ्या घरी. त्या तबेल्यात झरोके छपराला लागून आहेत, घोड्यांचा वास जायला केलेले. बुजवायचे तर शिडी लागेल. बाळंतिणीला वारा लागलेला चालत नाही. हे लहान मूलही सांगेल.

हेम मला एकदाही चल म्हणाला नाही. वनमालाही नाही. दोघं माझ्याकडे पाहून गप्प होतात, आणि गप्प माणसांशी भांडता येत नाही.

फाल्गुन वद्य तृतीया

बाज आवळली. गोवऱ्या, शेगडी, ओवा, बाळंतशेपा, सगळं खोलीत आणून ठेवलं. झरोक्यात गोणपाट कोंबलं. संध्याकाळी पाहते तर ते काढून घडी घालून खाली ठेवलं होतं. मी परत कोंबलं.

फाल्गुन वद्य चतुर्थी

परत काढलेलं. परत कोंबलं.

फाल्गुन वद्य पंचमी

आज हेमला ते काढताना धरलं. म्हटलं, काय चाललं हे तुझं?

तो स्टुलावर उभा होता, हातात गोणपाट. खाली उतरला. म्हणाला, "आजी, माह्या मायच्या खोलीत झरोका होता काय?"

"होता. हीच तर खोली."

"उघडा होता?"

"नाही. मीच बुजवला होता. गोणपाट दुहेरी करून. दारालाही घोंगडी लावली होती. आत शेगडी होती, धुरी होती. ती म्हणायची, आई, जीव गुदमरते, थोडं काढ. मी म्हटलं, वारा लागेल."

त्यानं गोणपाटाची घडी घातली, बाजेवर ठेवली, परत उचलली. मग म्हणाला, चहा ठेवते काय? मी ठेवला. दोघांनी प्यायला.

आज यापुढं लिहायचं नाही.

फाल्गुन वद्य सप्तमी

वनमालेचं बोचकं बांधलं. दुपटी, कुंच्या, जुन्या लुगड्यांचे तुकडे, घुटीची सहाण. हेमला सांगितलं, आपल्या घरची मोरी तुंबते, तुझ्या तबेल्यातली बरी.

मोरी तुंबत नाही.

त्यानं विचारलं, झरोक्यांचं काय? म्हटलं, उंच आहेत, वारा वरच्या वर जाईल. त्यानं माझ्या हातातून बोचकं घेतलं. वनमाला आत जाऊन तोंड धुऊन आली. डोळे लाल होते, पोरी उगाच रडतात.

सडकेनं आम्ही तिघं चालत गेलो. दोन्हीकडून लोक पाहत होते. मी मुद्दाम हळू चालली.

फाल्गुन वद्य द्वादशी

मुलगी झाली. सकाळी, ऊन ठाणात आलं तेव्हा. बयनाबाई आणि नर्स दोघी होत्या, एक मराठीत ओरडत होती, एक तेलुगूत, वनमालेनं दोघींचं ऐकलं. मुलगी लांब आहे, नाक माझ्यावर गेलं आहे. मी पणजी झाली. एवढंच लिहिते, बाळ मांडीवर आहे.

आज पहिला दिवस.

फाल्गुन वद्य चतुर्दशी

तिसरा दिवस. वनमाला बरी. मी इथंच ठाणाच्या भिंतीला टेकून बसते. शेगडी आत आणू देत नाहीत, भिंतीबाहेर ठेवू देतात. नर्स दिवसातून दोनदा काचेची नळी जिभेखाली ठेवते आणि उजेडात धरून पाहते. मी तिच्या तोंडाकडे पाहते.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८६१

पाडवा. सोयर असल्यामुळे आमच्या घरी गुढी नाही. पाचवा दिवस, म्हणजे पाचवी, आणि त्यातच तालुकदारसाहेबांची मोटार आली. पाच बाया होत्या दवाखान्यात. बयनाबाई मोरीवर पाटा मांडत होती, वनमाला अंगावर पदर घेऊन काठाशी बसली होती, मी दिवा लावत होती. बाहेर बुटांचा आवाज आला. बयनाबाई हळदीच्या हातानं तशीच दाराशी गेली.

"साहेब, आत पाचवी हाय. मरदमाणूस येत नाही."

शिरस्तेदार तिला दटावायला पुढं झाला. साहेब म्हणाले, "रहने दो. हम यहीं खडे हैं." आणि उभे राहिले, उन्हात, टोपी हातात घेऊन. पूजा व्हायला लागतो तेवढा वेळ लागला. बयनाबाईनं तर जरा जास्तच लावला. मग तिनं नारळाचा तुकडा नेऊन दिला, तो त्यांनी खाल्ला. आत आले तेव्हा बाया पदर घेऊन भिंतीकडे वळल्या होत्या. त्यांनी खाटा पाहिल्या, मोरीजवळ वाकून पाणी कुठं जाते ते हेमला विचारलं, हेमनं मागं नेऊन केळी दाखवल्या.

ते गेल्यावर हेम आला आणि म्हणाला, दवाखाना राहते, आबकारीला दुसरी जागा पाहतील. ज्वारीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. म्हटलं, जरा मोठ्यानं सांग की. तो म्हणाला, वनमालेला ताप आहे काय? म्हटलं, नाही.

चैत्र शुद्ध तृतीया

सातवा दिवस. दुपारी अंग कोमट लागलं. नर्सनं नळी पाहिली. म्हणाली, दूध भरलं आहे, त्याचा ताप, उतरेल. तिला काय ठाऊक. मला दुधाचा ताप आणि दुसरा ताप ओळखता येत नाही, रमाच्या वेळेसही आला नव्हता. मी वर पाहिलं. झरोक्यातून आकाश दिसते, एवढंसं. वारा येत होता. मी काही केलं नाही.

हेम टेप घेऊन ठाणाबाहेरची भिंत मोजत होता. ती भिंत त्यानं मार्गशीर्षात मोजली आहे. मी त्याला घरी पाठवलं, अर्ध्या तासानं परत आला, परत मोजली.

चैत्र शुद्ध चतुर्थी

आठवा दिवस. सकाळी ताप नाही. नर्सनं दोनदा नळी लावली, मी तिसऱ्यांदा लावायला लावली. नाही.

दुपारी नाही.

संध्याकाळी नाही.

चैत्र शुद्ध पंचमी

नववा दिवस. वनमालेनं उठल्याबरोबर भाकर मागितली. मी चुलीवरची गरम, तुपात चुरून दिली. खाल्ली आणि आणखी एक मागितली, तीही खाल्ली. तिसरी थापायला पीठ उरलं नाही, म्हणून मी आता दळायला बसते. हेम जात्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला आहे. त्याला दळता येत नाही, पण खुंटा धरतो म्हणतो.